आईचा हात आणि तेरा अंडी

लोक म्हणतात, अंड्यांवरून कुणी सख्ख्या भावाशी बोलणं सोडतं का? मी सोडलं आहे. दोन वर्षं होत आली. नातेवाईक समजवायला येतात, चहा पितात, "एवढं काय त्यात" म्हणतात आणि जातात. एवढं काय त्यात, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगायला लागले की माझाच आवाज चढतो आणि मग तेच मला शांत व्हायला सांगतात.

आमचं गाव दिंडोरीच्या बाजूला. तिथे माझ्या आईच्या हाताला नाव होतं. कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून पिसं फुलवून एका जागी बसायला लागली, की घरची बाई आईला बोलवायला यायची. "तुमच्या हातानं ठेवा, मावशी." आई जायची. पाटीत राख, तिच्यावर भुसा, एका कडेला कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा, आणि मग अंडी. एकेक अंडं तळहातावर तोलून, कानाशी हलवून, उन्हाकडे धरून बघायची. नऊ, अकरा किंवा तेरा. जोडीत कधीच नाही. एकविसाव्या दिवशी त्या घरून निरोप यायचा, "मावशी, बारा निघाली." आई "बरं झालं" एवढंच म्हणायची, पण त्या दिवशी भाकरी थापताना तिच्या हाताचा आवाज वेगळा यायचा. आई शाळेत गेलेली नव्हती. जमीन तिच्या नावावर नव्हती. वडील चारचौघांत तिला बोलू द्यायचे नाहीत. गावात तिचा मान होता तो एवढाच, आणि तो तिने स्वतः कमावलेला होता.

वडील गेले, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि ती माझ्याकडे इंदिरानगरला राहायला आली. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून आई लेकीकडे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमचं रो-हाउस आहे, मागे धुणं वाळत घालण्यापुरतं अंगण आहे. आईने गावाहून दोन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला होता. कोंबडा महिनाभर टिकला. तो पहाटे चारला बांग द्यायचा आणि शेजारचे काका साडेचारला बेल वाजवायचे. कोंबडा परत गावाला गेला, कोंबड्या राहिल्या.

मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. तयार झालेले भाग गेजमध्ये घालून बघायचे, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. सतरा वर्षं हेच. दिवसभर आई घरात एकटी असायची. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं पण नजर धूसरच होती, दुसऱ्याचं राहिलं होतं. टीव्ही तिला नीट दिसायचा नाही, शेजारणींशी तिचं फार जमलं नाही. मग त्या फेब्रुवारीत दोनपैकी करडी कोंबडी खुडूक झाली.

मी कामावरून आले तर आई दारातच उभी.

"करडी बसली बघ. हात लावू देईना. चोचीनं रगत काढलं माझं." बोट दाखवत होती आणि हसत होती. गावाहून आल्यापासून ती अशी हसलेली मी बघितली नव्हती.

आता अंडी हवी होती. आमच्याच कोंबड्यांची चालणार नव्हती, घरात कोंबडा नव्हता. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. हे मला आईने आठव्या वर्षी सांगितलं होतं. माझ्या भावालाही सांगितलं होतं. तो तेव्हा तिच्या मांडीवर बसलेला असायचा.

भावाचा धंदा गावठी अंड्यांचाच होता. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याने पत्र्याची टपरी टाकली होती. सुट्टीच्या दिवशी शहरातले लोक तिकडे गाड्या घेऊन जातात, परत येताना गावठी अंडी, गावठी कोंबडी घेतात. तो आजूबाजूच्या वाड्यांवर फिरून अंडी गोळा करतो असं आम्हाला माहीत होतं. आईला त्याचं कौतुक होतं. "माझं बघून शिकला," म्हणायची.

मी त्याला फोन केला. "आईला तेरा अंडी हवीत. खायला नाही, कोंबडी बसवायचीये. कोंबडा असलेल्या घरची दे."

"ताई, त्यात काय सांगायचं? घेऊन जा."

संध्याकाळी मी टपरीवर गेले. तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्याने मागच्या ट्रेमधून तेरा अंडी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत ठेवली. म्हणाला, "वाडीवरनं स्वतः आणलीयेत. आईला सांग, एक वाया जाणार नाही." हे मी बनवून सांगत नाहीये. त्याचे शब्द आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंघोळ केली, पाटी मांडली, कोळसा आणि खिळा ठेवला. अंडी उन्हाकडे धरली खरी, पण तिला काय दिसणार? तिने ती नुसती हाताने तोलली. "वजनाला चांगली हायेत," म्हणाली. करडीच्या अंगाखाली एकेक सरकवलं. करडीने चोचीने ती स्वतःकडे ओढून घेतली आणि पंख पसरले.

पुढचे दिवस आईला काम मिळालं. करडी दिवसातून एकदा उठायची, अंगणात मोठी घाण करायची, चार दाणे टिपून धावत परत बसायची. एखाद्या दिवशी उठलीच नाही तर आई तिला अलगद उचलून बाहेर आणायची, पाणी पाजायची, तेवढा वेळ अंड्यांवर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायची. मी संध्याकाळी आले की मला सगळा दिवस सांगायची.

सातव्या दिवशी ती म्हणाली, "आता उजेडाला धरून बघायचं. मला दिसायचं नाय, तू बघ. आत लाल दोरे दिसतील, कोळ्याच्या जाळ्यावानी."

बाथरूमचं दार लावून मी मोबाइलच्या टॉर्चवर एक अंडं धरलं. आत फिकट पिवळा उजेड होता. दुसरं धरलं, तेच. तिसरं, तेच. दोरे नाहीत, ठिपका नाही, काही नाही. आई दाराबाहेर उभी होती. "दिसत्यात का गं?"

मला वाटलं, टॉर्च फार जोराचा आहे. मला वाटलं, मला बघता येत नाही. आणि खरं सांगायचं तर बाहेरचा तिचा आवाज ऐकून माझ्या तोंडून "नाही" निघालं नाही.

"दिसतंय," मी म्हणाले.

सतरा वर्षं मी दुसऱ्यांचं काम नापास करते आहे. त्या दिवशी मला हातातलं अंडं नापास करता आलं नाही. भावावर माझा जेवढा राग आहे त्यातला एक वाटा माझ्या वाटणीचा आहे, तो मी कुणाला देत नाही.

एकविसावा दिवस आला. आईने सकाळी अंड्यांना कान लावला. आत चोच मारल्याचा आवाज येतो, तो आला नाही. "थंडी व्हती, एखादा दिवस मागंपुढं हुतं." बाविसावा दिवस गेला. त्या दिवशी आई जेवली नाही. तेविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, ती म्हणाली, "परातीत कोमट पाणी घे."

पाण्याची ही परीक्षा तिचीच. अंड्यात जीव असला तर ते कोमट पाण्यात तरंगताना आपोआप हलतं, झटके देतं. मी स्टीलची मोठी परात घेतली, बोट घालून पाणी बघितलं आणि तेरा अंडी एकेक करून सोडली. आई परातीवर वाकली, नाक पाण्याला लागेल इतकी.

"हालतंय का एखादं?"

काहीही हलत नव्हतं. पण पाण्याचा रंग बदलत होता. प्रत्येक अंड्याभोवती आधी तपकिरी धूर पसरल्यासारखं झालं, मग सगळं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. अंडी मात्र पांढरी होत होती. कोंबडीने तेवीस दिवस फिरवून फिरवून रंग जागोजागी आधीच उडवला होता, मला ते पट्टे दिसलेही होते, मी उरलेला रंग घाण समजले. एक अंडं हातात घेऊन अंगठा फिरवला तर खालून दुकानात मिळतं तसं पोल्ट्रीचं पांढरंशुभ्र अंडं निघालं.

पोल्ट्रीची अंडी. चहाच्या पाण्यात बुडवून गावठी केलेली. जिथे कोंबड्याचं तोंड कुणी बघितलेलं नसतं तिथली. तेवीस दिवस काय, तेवीस वर्षं कोंबडी बसली असती तरी त्यातून काही निघालं नसतं.

"काय गं, हालतंय का?" आईने पुन्हा विचारलं. तिला पाण्याचा रंग दिसत नव्हता.

"नाही आई."

"दे, एक फोडून बघू. आत काय झालंय ते कळंल."

"नको, वास सुटेल घरभर. मी टाकून येते." मी परात उचलली, मोरीत पाणी ओतलं, अंडी पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आत आले तर आई परातीच्या जागीच बसून होती, दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवून.

"एक-दोन जात्यात," ती म्हणाली. "तेराच्या तेरा कवाच गेली नव्हती. माझा हात गेला, बाई."

मी स्कूटर काढली आणि टपरीवर गेले. रविवार असल्यामुळे गर्दी होती. मी त्याला बाजूला बोलावलं नाही. टपरीच्या मागे गेले. तिथे गॅसची शेगडी, तिच्यावर काळं पडलेलं भगोणं, तळाशी चहापत्तीचा गाळ. बाजूला पांढऱ्या अंड्यांचे ट्रे एकावर एक. तो माझ्या मागोमाग आला.

"आईला तू ही दिलीस?"

"कुठली?"

"पाणी लाल झालं. अंगठा लावला तर रंग निघाला. आईला तू ही अंडी दिलीस?"

आधी म्हणाला, होलसेलवाल्याने फसवलं. मी भगोण्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, त्या दिवशी गावठी शिल्लक नव्हती, समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्यांच्यासमोर "गावठी नाही" कसं म्हणणार? दोन दिवसांनी बदलून देणारच होतो.

"मग का नाही दिलीस?"

"राहून गेलं."

"तेवीस दिवस?"

"ताई, हळू बोल. अगं, एक कोंबडी तर आहे. पुढच्या वेळी देतो ना चांगली."

"आई म्हणते तिचा हात गेला. तिथे मांडीवर हात ठेवून बसलीये ती."

तेवढ्यात पुढून कुणीतरी हाक मारली, "दादा, गावठी आहेत ना?" आणि माझ्यासमोर, त्याच श्वासात तो म्हणाला, "शंभर टक्के!"

मी तिथे ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. चार लोकांसमोर भावाची लाज काढायची नाही, हे कुठे शिकले कोण जाणे. फक्त एवढं म्हणाले, "आईला तू स्वतः सांगायचं. दोन दिवसांत."

तो तिसऱ्या दिवशी आला. पिशवीभर द्राक्षं घेऊन. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"आई, वाईट वाटून घेऊ नको. तिकडे देवळालीला तोफा चालू होत्या ना महिनाभर. त्या आवाजानं अंडी जातात."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. देवळालीच्या तोफा! तिथे लष्कराचा सराव सुरू असला की आमच्या खिडक्यांच्या काचा हलतात हे खरं, आणि गडगडाटाने अंडी बिघडतात असं जुन्या बायका मानतात, म्हणून तर आई पाटीत कोळसा आणि खिळा ठेवते. म्हणजे त्याने तिच्याच समजुतीतून तिच्यासाठी खोटं शोधून काढलं होतं.

"तोफा काय आज लागल्या का?" आई म्हणाली. "कोळसा ठिवला व्हता मी. नाय रे. माझंच चुकलं. तू एवढी वाडीवरनं आणून दिलीस."

"नाही आई, तुझं नाही चुकलं" एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. द्राक्षं धुवून तिच्या हातात दिली आणि निघून गेला. मी बाहेर आले नाही. आले असते तर कणकेचा हात त्याच्या तोंडावर बसला असता.

इकडे करडी रिकाम्या पाटीवर बसून होती. अंडी काढून घेतली तरी तिचं खुडूकपण मोडत नव्हतं. हाताला नुसती छातीची हाडं लागत होती, तुरा पांढरा पडला होता. गावाकडे काही जण अशा वेळी नाकातून पीस ओवतात, आई तसं कधी करायची नाही. तिने बादलीत गार पाणी घेतलं, करडीचं पोट त्यात बुडवलं, उन्हात सोडलं. करडी ओल्या अंगाने परत पाटीत. असं चार दिवस चाललं. प्रत्येक वेळी आई तिला म्हणायची, "ऊठ गं बाई, माझ्यामुळं उपाशी मरू नको."

माझ्यामुळं. हा शब्द मी चार दिवस ऐकला.

मग गावाहून आईच्या भाचीचा फोन आला. तिच्या दोन कोंबड्या खुडूक होत्या, मावशीला न्यायला गाडी पाठवते म्हणत होती. आई म्हणाली, "दुसरी कुणी बघ. माझ्याच्यानं आता हुत नाय." फोन ठेवला आणि कोळशाचा तुकडा आणि खिळा चिंधीत बांधून माळ्यावर टाकायला माझ्याकडे दिला.

मी ती चिंधी घेतली नाही. खाली बसले आणि सगळं सांगितलं. टॉर्चचंही सांगितलं.

तिने चिंधी परत मांडीवर घेतली. मग एकेक विचारायला लागली.

"पाणी लाल झालं व्हतं?"

"हो."

"अन् तू वतलंस."

"हो."

"फोडून बघू म्हणले तर वास येईल म्हणालीस."

"हो, आई."

"फोडलं असतं तर मला कळलं असतं. बोटाला लागलं तरी कळलं असतं. कोरं अंडं अन् मेलेलं अंडं, मला काय डोळे लागतात का?" तिचा आवाज चढला. "दोघांनी मिळून मला येडी केली. त्यानं धंद्यापायी केली. तू कशापायी केलीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, तुला वाईट वाटू नये म्हणून. पण ते तोंडात आल्यावर इतकं खोटं वाटलं की मी गिळलं.

"रविवारी मला तिकडं ने," ती म्हणाली.

रविवारी ती नवं लुगडं नेसली. टपरीपाशी गेल्यावर भावाला वाटलं आई भेटायला आली. त्याने घाईने प्लॅस्टिकची खुर्ची आणली, चहा मागवला. आईने चहा घेतला नाही. खुर्ची ओढून ट्रेंच्या शेजारी घेतली आणि बसली.

एक गाडी थांबली. नवरा-बायको उतरले. "काका, गावठी आहेत ना?"

भावाने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चहाची हायेत."

"काय?"

"पांढरी अंडी चहात बुडवलीत. माझं पोरगं हाय हे. लिंबू चोळून बघा, रंग जाईल. गावठीच्या भावानं नेऊ नका."

बाईने एक अंडं उचलून बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि दोघं गाडीत बसून गेले.

"आई!" भाऊ लाल झाला होता. "काय चालवलंयस? घरी चल, घरी बोलू."

"घरी तू तोफांचं बोलतोस," आई म्हणाली.

दुसरी गाडी थांबली, तिसरी थांबली. आई प्रत्येकाला तेच सांगत होती, आवाज न वाढवता, भाजीचा भाव सांगावा तसं. काही जण हसले, एकाने मोबाइल काढला, तो मी खाली करायला लावला. भाऊ आधी चिडला, मग विनवण्या करायला लागला. माझी पोरं आहेत, म्हणाला. सगळेच करतात, म्हणाला. आईने त्याच्याकडे मान वळवली.

"सगळ्यांची आई अंडी बसवती का? मी इतके दिस माझा हात बघत बसले रे. तुला म्हाईत व्हतं. समोर बसून द्राक्षं खाऊ घातलीस मला."

त्याने ट्रे आत ठेवले, शटर ओढलं. जाताना मला म्हणाला, "झालं समाधान, ताई?"

झालं नाही. आजही झालेलं नाही. मला वाटलं होतं तो आईच्या पाया पडेल, निदान "चुकलो" म्हणेल. त्याने मला दोषी धरलं. आईला तिथे नेलं म्हणून मी वाईट, अंडी रंगवली म्हणून तो नाही. नातेवाइकांतही तेच पसरलं. बहिणीने भावाचा धंदा बसवला.

आईने पुढच्याच आठवड्यात भाचीला फोन केला आणि गाडी मागवली. दोन्ही कोंबड्या बसवून आली. बावीस अंड्यांतली एकोणीस निघाली असा निरोप आला तेव्हा तिने फोन कानाला लावूनच मला हाक मारली, आणि तो आकडा माझ्यासमोर त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता तिला सगळं दिसतं.

भावाशी ती बोलते. त्याने टपरी हलवली, आता मक्याची कणसं आणि शहाळी विकतो असं तिच्याकडूनच कळलं. त्याने तिची माफी मागितली की नाही ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. "पोटचा हाय," एवढंच म्हणते. तिचा राग त्या खुर्चीवर संपला. तिने तो चारचौघांत खर्च केला, मला ते जमलं नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. माझ्या मोबाइलवर, त्या रविवारनंतर पहिल्यांदा. मी भाजी निवडत होते. आईने स्क्रीनवरचा त्याचा फोटो बघितला. "उचल," म्हणाली.

मी मेथीची पानं खुडत राहिले. फोन वाजून वाजून बंद झाला. आई उठली आणि आपला मोबाइल घेऊन अंगणात गेली.